नाव हरवलेला वैमानिक : लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ नोव्हेंबर रोजी आपण दफनभूमीत जातो, आदल्या दिवशी साफ केलेल्या कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि धर्मगुरू पवित्र जल शिंपडत पुढे जात असताना आपल्या माणसांची नावे मनातल्या मनात घेतो. कित्येक घरांतून त्या दिवशीच्या मिस्सासाठी मृतांच्या नावांची यादी दिली जाते. आजोबा, आजी, काका, लहानपणीच गेलेले एखादे भावंड, कोणाचेही नाव राहून जाऊ नये याची घरातील वडीलधारी माणसे काळजी घेतात. नाव राहिले तर प्रार्थना परमेश्वरापर्यंत पोहोचणार नाही असे कोणी मानत नाही. पण नाव घेणे हा प्रेमाचा भाग आहे, हे आपल्या भाविकांना कोणी शिकवावे लागत नाही.

या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा आहे. तिच्यामागील इतिहास मात्र फारच थोड्यांना ठाऊक असतो. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या अमलाखालील प्रदेशांत ही सवलत अठराव्या शतकापासून होती. संपूर्ण ख्रिस्तसभेला ती मिळाली १० ऑगस्ट १९१५ रोजी, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्या आज्ञेने. पहिले महायुद्ध सुरू होऊन तेव्हा एक वर्ष झाले होते. युरोपातील रणभूमीवर रोज हजारो तरुण मरत होते, अनेकांच्या वाट्याला ना अंत्यविधी येत होता ना कबर. मागे त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे कोणी उरले असेल की नाही, या काळजीतून पोपमहोदयांनी ही परवानगी दिली. आजही आपण त्या दिवशी वेदीपुढे उभे राहतो तेव्हा नकळत त्या युद्धातील मृतांचे स्मरण करीत असतो.

त्या मृतांमध्ये मुंबईचा एक तरुण होता. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे त्याचे नाव. तो आपल्या धर्माचा नव्हता, एका हिंदू कुटुंबातील होता. त्याने फार मोठे पराक्रम नोंदवले असेही नाही. पण त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन वर्षे त्याच्या घरच्यांना त्याची कबर सापडत नव्हती, आणि ती का सापडत नव्हती, पुढे कशी सापडली, ही कथा मृतांच्या महिन्यात वाचण्यासारखी आहे.

मुंबई ते केंब्रिज

वेलिणकरांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाला. त्यांच्या बालपणीची मुंबई म्हणजे गिरण्यांच्या धुराड्यांची, नव्या गोद्यांची आणि १८९६ साली आलेल्या प्लेगच्या धास्तीने रिकामी होऊन पुन्हा भरलेली मुंबई. सुखवस्तू, सुशिक्षित कुटुंबांतील मुलांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्याची रीत तोवर रुळली होती. बॅरिस्टर व्हावे किंवा सनदी सेवेची परीक्षा द्यावी, अशी घरच्यांची अपेक्षा असे. सनदी सेवेची स्पर्धापरीक्षा त्या काळी लंडनमध्येच होत असे. बोटीने दोन-तीन आठवड्यांचा प्रवास, पुढे अनेक वर्षांचा दुरावा आणि मध्ये पत्रांची वाट पाहणे, हे सारे त्या घरांनी स्वीकारलेले असे. वेलिणकर याच वाटेने गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या जीझस कॉलेजात दाखल झाले.

ही पिढी विमानाबरोबर वाढलेली पिढी होती. राइट बंधूंनी १९०३ साली पहिले उड्डाण केले तेव्हा ही मुले प्राथमिक शाळेत होती. १९११ च्या फेब्रुवारीत अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला टपालाच्या पिशव्या घेऊन विमान गेले, तेव्हा ती तारुण्याच्या उंबरठ्यावर होती. आकाशात उडता येते ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखत खरी झाली होती. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि इंग्लंडमधील भारतीय विद्यार्थ्यांसमोर प्रश्न उभा राहिला की आपण काय करायचे? त्याच सुमारास लंडनमध्ये असलेल्या गांधीजींनी भारतीय विद्यार्थ्यांची शुश्रूषा-तुकडी उभी केली. काहींनी तो मार्ग धरला. काहींना मात्र लढायचे होते, आणि त्यातल्या मोजक्यांना आकाशात लढायचे होते.

बंद दरवाजा

भारतातून त्या युद्धात सुमारे १३ लाख माणसे समुद्रापार गेली आणि त्यांतील ७४ हजारांहून अधिक परत आली नाहीत. ते बहुतेक शिपाई, चाकर, खेचरवाले, मजूर होते. सैन्यात पूर्ण अधिकार असलेली राजाची सनद मात्र भारतीयाला मिळत नसे. गोऱ्या सैनिकाने काळ्या अधिकाऱ्याला सलाम करावा ही कल्पनाच साम्राज्याला रुचणारी नव्हती. हवाई दलातील वैमानिक बहुधा अधिकारी असत, त्यामुळे हा दरवाजाही बंदच होता.

तो कसा उघडला हे हरदित सिंग मलिक यांच्या उदाहरणावरून दिसते. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या या शीख तरुणाला ब्रिटिश हवाई दलाने घेतले नाही, म्हणून तो फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागला. पुढे फ्रेंच हवाई दल त्याला घ्यायला तयार झाले. आपल्याच राज्यातील तरुण परक्यांच्या सैन्यातून लढतो हे लाजिरवाणे ठरेल, असे त्याच्या ऑक्सफर्डमधील शिक्षकाने वरिष्ठांना कळवले, तेव्हा कोठे १९१७ च्या एप्रिलमध्ये त्याला सनद मिळाली. वेलिणकरांनाही याच भिंतीतून वाट काढावी लागली. रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये त्या युद्धात वैमानिक म्हणून लढलेल्या भारतीयांत चार नावे प्रामुख्याने घेतली जातात : मलिक, कोलकात्यात जन्मलेले इंद्रलाल रॉय, एरल सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर.

चौघांचे भाग्य चार प्रकारचे निघाले. सेन यांचे विमान १९१७ च्या सप्टेंबरमध्ये पडले आणि युद्धाचा उरलेला काळ त्यांनी जर्मनीत युद्धकैदी म्हणून काढला. मलिक पायात गोळ्या घेऊन जिवंत परतले, पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले आणि १९८५ साली नव्वदीत वारले. रॉय यांनी १९१८ च्या जुलैमध्ये अवघ्या दोन आठवड्यांत शत्रूची दहा विमाने पाडली आणि २२ जुलै रोजी एकोणिसाव्या वर्षी ते मारले गेले. मृत्यूनंतर त्यांना शौर्यपदक मिळाले. त्यांचे भाचे सुब्रतो मुखर्जी पुढे भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. वेलिणकरांच्या वाट्याला पदक आले नाही. काही काळ तर स्वतःचे नावही त्यांच्या वाट्याला आले नाही.

डॉल्फिन विमान आणि १९१८ चा उन्हाळा

१ एप्रिल १९१८ रोजी ब्रिटनने सैन्याची आणि नौदलाची विमानदले एकत्र करून रॉयल एअर फोर्सची स्थापना केली. वेलिणकर या नव्या दलाच्या २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये होते. या स्क्वॉड्रनला त्याच वसंतात सॉपविथ डॉल्फिन जातीची नवी लढाऊ विमाने मिळाली होती. एकच वैमानिक, लाकूड आणि कापड यांचा सांगाडा, एकावर एक असे दोन पंख आणि सुमारे २०० अश्वशक्तीचे इंजिन. या विमानाचा वरचा पंख वैमानिकाच्या पुढे नसून जवळजवळ त्याच्या माथ्यावर असे आणि पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून त्याचे डोके बाहेर येई. त्यामुळे वरचे आकाश उत्तम दिसे. पण उतरताना विमान उलटले तर सर्वांत आधी जमिनीवर आदळणार ते वैमानिकाचे डोके, ही भीती सर्वांना असे. ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात हवाई छत्री दिली जात नव्हती. विमान पेटले किंवा तुटले तर त्यासह खाली येणे एवढेच हाती असे.

काळही कठीण होता. २१ मार्च १९१८ रोजी जर्मन सैन्याने पश्चिम आघाडीवर अखेरचे मोठे आक्रमण सुरू केले आणि ते फ्रान्समधील आमिया शहराच्या अगदी जवळ येऊन ठेपले. तेथील प्राचीन कॅथेड्रल वाळूच्या पोत्यांनी झाकून घ्यावे लागले. एप्रिलच्या अखेरीस हे आक्रमण अडवले गेले आणि ऑगस्टमध्ये दोस्तांनी उलट चढाई केली. मधल्या मे, जून आणि जुलै महिन्यांत जमिनीवर आघाडी फारशी हलत नव्हती, परंतु आकाशात रोज गस्त होती आणि रोज कोणी ना कोणी परतत नव्हते.

जूनच्या अखेरीस गस्तीवर गेलेले वेलिणकर परतले नाहीत. त्यांचे विमान जर्मन ताब्यातील प्रदेशात पडले होते. जखमी अवस्थेत ते शत्रूच्या हाती लागले आणि ३० जून १९१८ रोजी त्यांनी प्राण सोडला. त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. मुंबईत तेव्हा पावसाळा लागला असेल, आणि घरच्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

बेपत्ता या शब्दाचे ओझे

स्क्वॉड्रनच्या नोंदीत अशा वैमानिकापुढे एकच शब्द लिहिला जाई : बेपत्ता. घरी तार जाई तीही याच शब्दाची. हा शब्द मृत्यूच्या बातमीहून अधिक जड असतो, हे ज्यांनी तो अनुभवला त्यांनाच कळते. मृत्यू कळला की घर रडते, विधी होतात, दिवस घातले जातात, आणि हळूहळू माणसे पुन्हा कामाला लागतात. बेपत्ता म्हटले की यातले काहीच करता येत नाही. आई ताट वाढून ठेवावे की नाही या विचारात राहते. कैदी असेल, इस्पितळात असेल, स्मृती गेली असेल, उद्या पत्र येईल, अशी आशा माणसाला धड जगूही देत नाही.

या दुःखात धावून जाण्याचे काम दोन संस्थांनी मोठ्या प्रमाणावर केले. जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने १९१४ च्या ऑगस्टमध्येच युद्धकैद्यांसाठी कचेरी उघडली. युद्ध करणारे देश एकमेकांच्या कैद्यांच्या आणि मृतांच्या याद्या तेथे पाठवीत आणि स्वयंसेवक त्या याद्यांतील प्रत्येक नावाचे कार्ड करून ठेवीत. अशी सुमारे ७० लाख कार्डे तयार झाली. दुसरे काम व्हॅटिकनमध्ये झाले. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी बेपत्ता सैनिकांची चौकशी करणारी कचेरी उघडली आणि कुटुंबांकडून येणाऱ्या पत्रांवर धर्म किंवा देश न पाहता शोध घेतला जाऊ लागला. जर्मनीत पाडेरबोर्न येथे आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रायबुर्ग येथेही ख्रिस्तसभेच्या वतीने असेच काम चाले. पोपमहोदयांनी १ ऑगस्ट १९१७ रोजी युद्ध थांबवण्यासाठी सर्व राष्ट्रांना आवाहन केले, ते कोणी मानले नाही. परंतु हरवलेल्या मुलांची नावे शोधण्याचे त्यांचे काम कोणालाच नाकारता आले नाही.

शत्रूच्या मृतांशी सभ्यपणे वागण्याची रीत वैमानिकांमध्ये त्या भीषण युद्धातही काही प्रमाणात टिकून होती. २१ एप्रिल १९१८ रोजी जर्मनीचा सर्वांत नामांकित वैमानिक फोन रिख्टहोफन मारला गेला, तेव्हा आमिया शहराजवळील बेर्टांगल या गावी ऑस्ट्रेलियन सैनिकांनी मानवंदना देऊन त्याचे दफन केले आणि कबरीचे छायाचित्र विमानातून जर्मन हद्दीत टाकले. अवघ्या दहा आठवड्यांनी वेलिणकर जर्मनांच्या हाती मरण पावले. त्यांचेही दफन शत्रूनेच केले आणि त्यांच्या कबरीवर नावही लिहिले. घोटाळा त्या नावातच झाला.

एका नावाचा शोध

१९१८ च्या ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले. वेलिणकर कैद्यांबरोबर परतले नाहीत. पुढची दोन वर्षेही त्यांची कबर कोठे आहे हे कळले नाही. अखेर १९२१ साली कुटुंबाच्या वतीने एका ब्रिटिश कर्नलने युद्धातील कबरींची जबाबदारी असलेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशनकडे पाठपुरावा केला. ही संस्था फेबियन वेअर यांच्या प्रयत्नांतून २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने स्थापन झाली होती. ज्या भागात विमान पडले असावे तेथील दफनभूमींच्या नोंदी आणि क्रूस तपासले गेले. त्यात जर्मनांनी पुरलेल्या एका अधिकाऱ्याची कबर मिळाली. तिच्यावर हुद्दा जर्मन भाषेत लिहिलेला होता, ओबरलॉयटनंट, म्हणजे लेफ्टनंट. नाव होते एस. सी. वुमकर.

वुमकर नावाचा कोणीही अधिकारी ब्रिटिश यादीत नव्हता. वर हुद्दा जर्मन, म्हणजे वरवर पाहणाऱ्याला ही कबर एखाद्या जर्मन अधिकाऱ्याचीच वाटावी. परंतु आद्याक्षरे जुळत होती आणि मृत्यूचा काळही जुळत होता. आपल्याला देवनागरीत वेलिणकर आणि वुमकर ही नावे दूरची वाटतात. रोमन लिपीत ती घाईने, पेन्सिलीने, एकाला एक जोडलेल्या अक्षरांत लिहून पाहिली की घोटाळा कसा झाला असेल ते दिसते. मधल्या चार अक्षरांच्या उभ्या रेषा एकमेकींत मिसळल्या की वाचणाऱ्याला दोनच अक्षरे भासतात. असे भारतीय आडनाव त्या जर्मन कारकुनाने आयुष्यात पूर्वी कधी ऐकले नसणार. त्याने जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले. त्याच्या हातून झालेल्या या चुकीमुळे एका घराला जवळजवळ तीन वर्षे आपल्या मुलाची कबर सापडली नाही. पण त्याने काहीतरी लिहिले, कबर अनामिक ठेवली नाही, म्हणूनच पुढे शोध लागू शकला, हेही तितकेच खरे.

वुमकर म्हणजेच वेलिणकर हे निश्चित झाल्यावर त्यांना त्यांचे नाव परत मिळाले. आज त्यांची कबर फ्रान्सच्या सोम भागातील हांगार या लहानशा गावी, गावच्या दफनभूमीला जोडून असलेल्या युद्धकालीन दफनभूमीत आहे. तेथे पाचशेहून अधिक सैनिक विसावले आहेत आणि त्यांतील फार मोठ्या संख्येची ओळख आजतागायत पटलेली नाही.

अशा अनोळखी कबरींवर काय लिहावे हा प्रश्न कमिशनपुढे होता. या सैनिकाला केवळ परमेश्वर ओळखतो, अशा अर्थाची ओळ त्यासाठी निवडली ती लेखक रुडयार्ड किपलिंग यांनी. किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला होता आणि त्यांचे स्वतःचे दुःख याच जातीचे होते. अधू दृष्टीमुळे सैन्यात नाकारल्या गेलेल्या आपल्या मुलाला त्यांनी ओळखी वापरून भरती करवले, आणि १९१५ च्या सप्टेंबरमध्ये लूसच्या लढाईत तो अठराव्या वर्षी नाहीसा झाला. बापाने पुष्कळ शोध घेतला, १९३६ साली त्याचे निधन झाले तोवर कबर सापडली नव्हती. पुढे १९९२ साली एका अनोळखी अधिकाऱ्याची कबर त्या मुलाची म्हणून जाहीर झाली. साम्राज्यातील इतका मोठा लेखक, कमिशनचा सल्लागार, ज्याच्या एका शब्दावर दारे उघडत, त्यालाही मुलगा मिळाला नाही. मुंबईच्या वेलिणकर कुटुंबाला मिळाला.

समाधिशिलेवरचे शब्द

कमिशनने एक नियम कटाक्षाने ठरवला होता. श्रीमंत आणि गरीब, सेनापती आणि शिपाई, सर्वांच्या समाधिशिला सारख्या उंचीच्या आणि सारख्या दगडाच्या असतील. कुटुंबाला हवे असल्यास खाली ६६ अक्षरांपर्यंतचा मजकूर कोरून घेता येई. वेलिणकरांच्या शिळेवर जो मजकूर आहे त्याचा अर्थ असा की, साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्मान्य स्मृतीस.

साम्राज्य हा शब्द आज आपल्याला खटकतो. त्या घरालाही तो सहज लिहिता आला असेल का, असा विचार मनात येतो. मुलगा मेला १९१८ च्या जूनमध्ये. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये रौलट कायदा आला आणि १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत याच साम्राज्याच्या गोळ्यांनी निःशस्त्र माणसे मारली गेली. ज्यांच्यासाठी मुलगा लढला त्यांनी देशाला काय दिले, हा प्रश्न तेव्हा हजारो भारतीय घरांत होता. तरीही मुलाच्या शौर्याची नोंद दगडावर व्हावी ही इच्छा राजकारणाच्या पलीकडची होती. माझा मुलगा इतरांपेक्षा उणा नव्हता, एवढेच त्या ओळीतून सांगायचे असावे. ज्या दलात प्रवेश मिळवण्यासाठीच भारतीयांना झगडावे लागले, त्या दलाच्या कबरींत इतरांइतक्याच उंचीच्या दगडाखाली तो विसावला आहे.

सर्वच भारतीयांना हे भाग्य लाभले नाही. फ्रान्समधील नव शापेल येथे १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये उभारलेल्या स्मारकावर कबर नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ ज्या टेकडीवर त्रेपन्न हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला गेला, तेथे १ फेब्रुवारी १९२१ रोजी संगमरवरी छत्रीचे अनावरण झाले. मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये समुद्रात बुडालेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक आहे. पण आफ्रिका आणि पश्चिम आशियात मेलेल्या असंख्य भारतीय व आफ्रिकन माणसांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत. कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ च्या एप्रिलमध्ये ही गोष्ट मान्य केली आणि कमिशनने क्षमा मागितली. किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांची नावानिशी नोंद किंवा कोणतेही स्मारक झाले नाही, असा त्या समितीचा अंदाज आहे. समतेचा नियम कागदावर होता, पण नावे लिहिणाऱ्यांनी सर्व नावे सारखी मानली नाहीत.

मृतांना मूठमाती

मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने सांगितलेल्या सात शारीरिक दयाकृत्यांपैकी एक आहे. जुन्या करारात तोबीत नावाच्या भक्तिमान पुरुषाची कथा येते. परक्या निनवे नगरीत तो राजाच्या रोषाची पर्वा न करता मारल्या गेलेल्या आपल्या बांधवांना पुरत असे. जेवणाच्या पानावरून उठून तो रस्त्यावर पडलेले प्रेत उचलायला गेला, आणि शेजाऱ्यांनी त्याची थट्टा केली. वेलिणकरांच्या कथेत हे दयाकृत्य अनेकांनी थोडे थोडे केले. शत्रूच्या सैनिकांनी कबर खणली, एका कारकुनाने चुकीचे का होईना पण नाव लिहिले, एका कर्नलने पत्रे लिहिली, कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी नोंदी ताडून पाहिल्या. त्यांतील बहुतेकांना आपण कोणासाठी काय करीत आहोत हे पूर्ण ठाऊकही नव्हते. तरीही त्यातून एका आईबापाला मुलाची जागा मिळाली.

हे काम आज आपल्यालाही करता येण्यासारखे आहे. आपल्या अनेक घरांतून पूर्वी कोणी तरी बोटीवर, सैन्यात किंवा आखाती देशांत गेले आणि परतले नाही, अशा आठवणी सांगितल्या जातात. वडीलधाऱ्यांबरोबर त्या आठवणीही जात आहेत. महायुद्धांतील मृतांची सूची आज संगणकावर विनामूल्य पाहता येते. रेडक्रॉसची पहिल्या महायुद्धाची कार्डेही २०१४ पासून सर्वांसाठी खुली आहेत. शोधताना आडनावाची एकच वर्तनी धरून बसू नये, दोन-चार प्रकारे लिहून पाहावी. वेलिणकरांची कथा हेच शिकवते. शिवाय आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या हा मोठा ठेवा आहे. पूर्वजांचे पूर्ण नाव, आईवडिलांची नावे आणि गाव तेथे एकत्र मिळते.

दूरच्या युद्धाची ही गोष्ट आपल्या अंगणातही आहे. दापोडे आणि भिवंडीच्या आसपास आज गोदामांची रांग लागली आहे. तेथे आणि यंत्रमागांवर बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा अशा राज्यांतून आलेले हजारो तरुण काम करतात. त्यांच्यातील कित्येकांना गावात सगळे एका नावाने ओळखतात आणि मुकादमाच्या वहीत दुसरेच नाव असते. अपघात झाला, आजारपण आले, तर घरी नेमके कोणाला कळवायचे हे शेजारी झोपणाऱ्यालाही माहीत नसते. आपल्यापैकी जे तेथे नोकरी करतात, देखरेख करतात, मालवाहतूक करतात, त्यांनी एवढे जरी केले की आपल्या हाताखालच्या माणसाचे पूर्ण नाव, त्याचे गाव आणि घरचा एक संपर्क नीट विचारून लिहून ठेवला, तर तीही तोबीताचीच सेवा ठरेल.

यंदा २ नोव्हेंबरला आपण आपल्या यादीतील नावे वाचू तेव्हा क्षणभर थांबून, ज्यांची नावे घ्यायला कोणी उरले नाही त्यांच्यासाठीही प्रार्थना करू या. त्यांच्यातच हांगारच्या मातीत विसावलेला मुंबईचा एक तरुणही आहे. परमेश्वराला त्याचे नाव कधीच शोधावे लागले नाही. सर्व मृतांना चिरशांती लाभो.